गुण कुणी दिले?

‘माहेरची साडी’ १९९१ साली लागला, तेव्हा सुनेचे हाल पाहून बायका थिएटरात ढसाढसा रडत होत्या. विजय कोंडके यांच्या या चित्रपटाने तिकीटबारीवर अमाप यश मिळवलं, अलका कुबल घराघरांत पोहोचल्या. तरी ‘रडका सिनेमा’ हा शिक्का त्याच्यावर बसला तो बसलाच. त्या रडण्यात बायकांनी स्वतःचं काय ओळखलं होतं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

आवड ही जन्मजात गोष्ट आहे, पुरुषांना मारामारी आणि बायकांना रडारड, असं सर्रास मानलं जातं. डॉल्फ झिलमन आणि सहकाऱ्यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेला अमेरिकेतला प्रयोग मात्र वेगळंच सांगतो. महाविद्यालयीन मुलामुलींना भयपटातला एक भाग दाखवला गेला. शेजारी बसलेली भिन्नलिंगी व्यक्ती खरं तर संशोधकांनी पढवलेली होती. शेजारची मुलगी घाबरली, की मुलांना तो भयपट जास्त आवडला. मुलींना तो जास्त आवडला शेजारचा मुलगा निर्धास्त असला की. पडद्यावरचं दृश्य एकच होतं! म्हणजे मुलाने न घाबरणं आणि मुलीने घाबरणं ही समाजाने लावलेली सवयही प्रत्येकासोबत खुर्चीत येऊन बसते.

गुण देतानाही ही सवय सुटत नाही. ‘फाइव्हथर्टीएट’ या अमेरिकी संकेतस्थळाने २०१६ साली आयएमडीबी या संकेतस्थळावर प्रेक्षकांनी मालिकांना दिलेले गुण तपासले. ‘सेक्स अँड द सिटी’ या मालिकेला बायकांनी सरासरी ८.१ गुण दिले होते, पुरुषांनी ५.८. बायकांसाठीच्या मालिकांना पुरुष हात आखडून गुण देत होते. पुरुषांच्या आवडत्या मालिकांवर बायकांनी तेवढा राग काढला नव्हता. एकत्रित आकड्यात हा फरक दिसतच नाही.

बायकांच्या आवडीला कमी लेखण्याच्या या सवयीला मराठीत उत्तर मिळालं ते तिकीटबारीवर. ३० जून २०२३ रोजी केदार शिंदे यांचा ‘बाईपण भारी देवा’ आला. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते अशा ज्येष्ठ अभिनेत्री तिच्या केंद्रस्थानी. बायका नऊवारी नेसून, नथ घालून, घोळक्याने आल्या, मैत्रिणींसोबत हसल्या-रडल्या, खेळ संपल्यावर फुगड्याही घातल्या. चित्रपटाची कमाई ५० कोटींच्या पुढे गेली. हा प्रेक्षक आधीही होताच, त्याला धरून सिनेमे काढले जात नव्हते. तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या चित्रपटाचे गुण पाहून तिकीट काढायचं की नाही हे ठरवण्याआधी, ते गुण कुणी दिलेत तेही जरूर पाहा.