शरदातील सहल आणि सोबतीचा कुत्रा

आश्विन लागला म्हणजे नागपूरच्या आसमंताचे रूप पालटते. नाल्यांचे गढूळ पाणी निवळते, वाटांवरील चिखल सुकतो आणि धुऱ्यावरचे गवत पिवळे पडू लागते. हेच नाले पावसाळ्यात किती घातक असतात, हे ह्या नगरीस फार पूर्वी कळून चुकले आहे. भूगर्भशास्त्रज्ञ म्हणून कीर्ती पावलेले मिशनरी स्टीफन हिस्लॉप हे 4 सप्टेंबर 1863 रोजी टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून परतत असता पुराच्या पाण्यात बुडून वारले. तेव्हा रानात जावयाचे ते शरदातच. आणि घरी कुत्रा असल्यास त्यासही बरोबर न्यावे, असे विद्यार्थिमित्रांस वाटणे साहजिक आहे. मात्र त्याची सोय निराळी पाहावी लागते.

प्रथम स्थळाचा विचार करू. रामटेकची टेकडी सर्वांच्या आवडीची खरी. पण तेथे देवदर्शनाची गर्दी व वानरांचे कळप, आणि कार्तिकी पौर्णिमेस तर जत्राच. कुत्र्याने व वानरांनी एकमेकांस पाहिले की काय होते, हे सांगावयास नकोच. पेंचच्या व्याघ्रप्रकल्पात पाळीव कुत्र्यास प्रवेश नाही, व तो नसावा हेच योग्य. कुत्र्यांत आढळणारा डिस्टेंपर हा रोग वन्य श्वापदांसही होतो. 2018 साली गीरच्या अरण्यात त्याने कित्येक सिंह दगावले.

राहिला काटोल रस्ता. शहरापासून सुमारे दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी आहे. तेथे लोहयुगातील लोकांनी मृतांच्या स्मरणार्थ रचलेली सुमारे 300 शिलावर्तुळे असून काही शिळांवर वाटीसारखे खळगे कोरलेले आढळतात. 1961 च्या सुमारास पुरातत्त्व खात्याने तेथे उत्खनन केले होते. परंतु संरक्षित स्मारकात जनावर आणण्यास नियमाने मनाई आहे. म्हणून एकाने बाहेर झाडाखाली कुत्र्यापाशी बसावे, इतरांनी वर्तुळे पाहून यावे, आणि मग पाळी बदलावी. ह्यात सहलीचा काही रसभंग होत नाही. पुढे गाडीवाटेने, शेतधन्याची अनुमती घेऊन, साखळी हाती धरून हिंडावे. गुरे चरत असतील तेथे साखळी मुळीच सोडू नये. वासरामागे धावणाऱ्या कुत्र्यास गुराख्याने काठी मारली, तर दोष गुराख्याचा नव्हे.

आता उन्हाविषयी, कारण जिवाला खरा धोका तेथेच आहे. ऑक्टोबरात नागपुरास पहाटे हवा गार असते, परंतु दुपारी पारा 33 अंशांच्या आसपास चढतो. आपणांस घाम येतो व अंग निवते. कुत्र्यास तशी सोय जवळजवळ नाही. तो जीभ बाहेर काढून धापा टाकतो, तेवढ्यानेच त्याची उष्णता बाहेर पडते. त्याच्या अंगाची स्वाभाविक उष्णता सुमारे 38 ते 39 अंश असते. ती 41 च्या पलीकडे गेली की प्राणावर बेतते. शिवाय आपल्याकडचा काळा पाषाण तापतो, आणि त्यावर आपण जोडे घालून चालतो, तो अनवाणी! दमलो असे तो सांगत नाही. धनी चालतो तोवर तोही चालत राहतो व एकाएकी कोसळतो. म्हणून पहाटे निघावे, दहाच्या आत चालणे आटोपावे व भर दुपार सावलीत काढावी. लाळ घट्ट झाली, पाऊल अडखळू लागले, तर तत्काळ सावलीत नेऊन अंगावर साधे पाणी ओतावे, वारा घालावा आणि पशुवैद्याकडे न्यावे. नागपुरात 1958 पासून पशुवैद्यक महाविद्यालय आहे, हे आपले भाग्यच.

पाणी घरूनच न्यावे. ह्या दिवसांत कपाशीवर औषधाची फवारणी होत असते. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात त्याच विषाने कित्येक शेतमजूर प्राणास मुकले. मग सरीतले पाणी पिणाऱ्या, किंवा ओल्या कपाशीतून येऊन पाय चाटणाऱ्या मुक्या प्राण्याची काय कथा? कपाशीच्या शेतात त्यास शिरूच देऊ नये.

पिसाळण्याच्या रोगाची लस वेळेवर टोचलेली असावी. गावातील कुत्री पाहुण्या कुत्र्यावर तुटून पडतात, तेव्हा ती उपयोगी पडते. तसेच दिवेलागणीपूर्वी परत फिरावे. गोरेवाड्याचे जंगल ह्या बाजूस जवळ आहे, तेथे बिबटे आहेत, आणि बिबट्यास कुत्र्याचे मांस विशेष प्रिय.

घरी आल्यावर एक काम उरते, व तेच बहुधा राहून जाते. ह्या ऋतूत कुसळ पिकलेले असते. त्याचे अणकुचीदार बी आपल्या धोतरास वा विजारीस टोचले तर आपण उपटून टाकतो. कुत्र्याच्या केसांतून मात्र ते कातडीत शिरते, आत आत सरकत जाते आणि पुढे तेथे पू होतो. म्हणून दिव्याच्या उजेडात त्याची बोटांमधली बेचके, काखा व कान उलटून पाहावेत, बोटांनी चाचपावेत, आणि त्याच वेळी गोचीडही वेचून काढावे. कुत्रा कुरकुरेल, पाय ओढून घेईल. तरी चारही पाय पाहून होईपर्यंत त्यास सोडू नये.