मोबाइलवरील चिकट पकड काढताना

मोबाइलच्या पाठीवर चिकटवलेली पकड (पॉपसॉकेटसारखी गोल मूठ) जोराचा झटका देऊन ओढली की सुटते, हा समज सर्वत्र आढळतो, आणि त्यापायी मागची काच तडकण्याचा किंवा कव्हराचा थर उपटला जाण्याचा धोका विनाकारण ओढवतो. अशा पकडीखाली दाबसंवेदी चिकटद्रव्य (न वाळता, केवळ दाबाने धरून ठेवणारा मऊ थर) असते. संथ ताणाखाली ते घट्ट द्रवाप्रमाणे हळूहळू सरकते, परंतु अचानक ताण आल्यास ताठर होते; म्हणूनच झटक्याला त्याचा विरोध सर्वाधिक असतो. शिवाय सरळ ओढल्यास जोर संपूर्ण पृष्ठभागावर वाटला जातो, तर कडेपासून सोलल्यास तो एका अरुंद रेषेवर एकवटतो, जशी पिशवीची चेन एकेका दाताने सहज उघडते, पण दोन्ही बाजू धरून ताणल्यास जागची हलत नाही.

म्हणून पकड मिटवून, तिच्या कडेखाली नख किंवा दात साफ करण्याचा धागा सरकवून, ती सावकाश सोलावी. चिकटद्रव्य फार घट्ट असल्यास केस वाळवण्याच्या यंत्राची सौम्य ऊब पुरते. मात्र ती शक्यतो मोबाइलपासून वेगळ्या केलेल्या कव्हरालाच द्यावी, कारण बॅटरीला उष्णता मानवत नाही आणि आयफोन ठेवण्यासाठी त्याच्या निर्मात्यांनीच ४५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा सांगितली आहे. नखांचा रंग काढणारे अ‍ॅसिटोन (प्लास्टिक विरघळवणारा द्रव) कटाक्षाने टाळावे.