जंजिऱ्याची होडी आणि मुलांचे प्रश्न

डिसेंबरची सुट्टी लागली की मुंबई, पनवेल, पुण्याकडची कुटुंबे मुरूडचा किनारा गाठतात. आपल्या समाजातील कुटुंबेही त्यात बरीच असतात. कोकणात कुणाचे ना कुणाचे नातेवाईक निघतातच. हलाल जेवणाची आणि नमाजच्या जागेची चिंता नसते. एक दिवस पोरे वाळूत लोळतात, लाटांत भिजतात. दुसऱ्या दिवशी सगळ्यांची पावले राजपुरीच्या धक्क्याकडे वळतात. मुरूडपासून चार-पाच किलोमीटरवर हे गाव. तिथून शिडाच्या होडीत बसायचे, वाऱ्यावर किल्ल्यापर्यंत जायचे, गाईडबरोबर पाऊणएक तास फिरायचे आणि परत यायचे.

या छोट्याशा सहलीत मुलांच्या डोक्यात जे शिरते, ते वर्षभराच्या इतिहासाच्या तासांनी पुसले जात नाही, हे मी शाळेत अनेकदा पाहिले आहे. म्हणून होडीत बसण्याआधी आईवडिलांनी थोडी तयारी करावी, एवढ्यासाठी हा लेख.

गाईड काय सांगतो

गाईड बहुधा आजूबाजूच्या गावातलाच असतो. त्याचे बोलणे रसाळ, आवाज खणखणीत. तो सांगतो की हा किल्ला अजिंक्य आहे, कुणालाच जिंकता आला नाही. पाचशे बहात्तर तोफा होत्या. समुद्राखालून राजपुरीपर्यंत भुयार आहे. कलालबांगडी तोफ पंचधातूची, म्हणून भर उन्हातही तापत नाही. मग शिवाजी महाराजांच्या स्वाऱ्या, संभाजी महाराजांनी समुद्रात भराव घालण्याचा केलेला प्रयत्न आणि शेवटी पुन्हा तेच, अजिंक्य!

आम्ही गेलो तेव्हा होडीत पंचवीसेक माणसे होती. माझी धाकटी मुलगी नुकतीच चौथीचे शिवचरित्र वाचून पाचवीत गेली होती. गाईडचे बोलणे ऐकून तिने माझ्या कानात विचारले, "अम्मी, मग आपण जिंकलो की हरलो?"

प्रश्न लहान, पण आपल्या घरातल्या मुलाला तो फार जड असतो. शाळेत तो महाराजांच्या बाजूने टाळ्या वाजवतो. होडीत त्याला कळते की किल्ल्यातल्या माणसांची नावे आपल्यासारखी होती. मग त्याला वाटते, आता आपल्याला बाजू बदलावी लागणार की काय? कुणी वर्गमित्र त्याला हे ऐकवतोही. अशा वेळी "गप्प बस, फोटो काढ" म्हणून चालत नाही.

बाजू धर्माची नव्हती

मुलांना सरळ गोष्ट सांगावी. या खडकावर आधी कोळ्यांचा मेढेकोट होता, म्हणजे लाकडी ओंडक्यांचे कुंपण. चाच्यांपासून बचावासाठी तो बांधलेला, आणि त्यांच्या प्रमुखाचे नाव राम पाटील. अहमदनगरच्या निजामशाहीने तो घेतला. सोळाव्या शतकात तिथे दगडी किल्ला उभा राहिला. अरबीत बेटाला जझीरा म्हणतात, त्याचाच मराठीत जंजिरा झाला.

किल्ल्याचे सरदार हबशी, म्हणजे आजच्या इथिओपियाकडचे. मुलांना हबशा हे नाव नवीन नसते. मक्केतील छळाला कंटाळलेल्या पहिल्या मुसलमानांना आसरा देणारा नजाशी तिथलाच राजा, आणि हजरत बिलाल (रजि.) मूळचे हबशीच. दख्खनमध्ये मात्र अनेक हबशी गुलाम म्हणून विकले जाऊन आले आणि कर्तबगारीवर सरदार झाले. औरंगाबादचा पाया घालणारा मलिक अंबर त्यांतलाच.

आता बाजूंचे पाहू. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा एक प्रमुख होता दौलतखान. त्याने याच पाण्यात जंजिऱ्याच्या सिद्दींशी झुंज दिली. उलट 1670च्या सुमारास जंजिऱ्याचा सिद्दी फत्तेखान महाराजांशी तह करण्याच्या विचारात होता. त्याच्याच सहकारी सिद्दींनी त्याला कैद केले आणि किल्ला मोगलांच्या छत्राखाली नेला. त्यांतल्या सिद्दी कासिमला याकूतखान हा किताब मिळाला. पुढे 1689मध्ये याच याकूतखानाने इंग्रजांच्या मुंबईवर हल्ला करून त्यांना किल्ल्यात कोंडले.

म्हणजे दोन्हीकडे मुसलमान होते. भांडण होते ते समुद्रावरच्या हुकमतीचे, जकातीचे, बंदरांचे. आपण त्यात जिंकलोही नाही आणि हरलोही नाही. आपण तेव्हा नव्हतोच.

याबरोबर दुसरी बाजूही मुलांपासून लपवू नये. सिद्दींच्या फौजांनी किनाऱ्यावरची गावे लुटली, माणसे धरून नेली. ज्यांचे पूर्वज स्वतः गुलाम म्हणून आले, त्यांच्याकडूनही हे घडले. सूरह निसामध्ये न्यायाची साक्ष स्वतःच्या किंवा आप्तांच्या विरोधात जात असली तरी द्यावी असा आदेश आहे. नावे आपल्यासारखी आहेत म्हणून जुलमाला पराक्रम म्हणणे त्यात बसत नाही. तसेच कुणी दुसऱ्याने केलेल्या जुलमाचे ओझे आज आपल्या मुलाने खांद्यावर घेण्याचेही कारण नाही.

हे मी मुलीला होडीत सांगू शकले नाही. तिथे वारा आणि गाईड दोघांचाही जोर होता. संध्याकाळी मुरूडच्या वाळूवर बसून सांगितले. समोर समुद्रात पद्मदुर्ग दिसत होता. जंजिऱ्याला शह म्हणून महाराजांनी कासा खडकावर तो बांधला. तिने बोटाने दोन्ही किल्ल्यांच्या दिशा दाखवल्या आणि विचारले, "दौलतखान मग कुठे राहत असेल?" तिचा प्रश्न बदलला होता, याचे मला बरे वाटले.

किल्ल्यात काय पाहावे

गाईड घाईत असतो, कारण पुढची होडी यायची असते. म्हणून आधीच ठरवून तीन-चार गोष्टी नीट पाहाव्यात.

पहिला, दरवाजा. होडी अगदी जवळ जाईपर्यंत तो दिसत नाही, अशा बेताने दोन बुरुजांच्या आड ठेवलेला आहे. भिंतीवर पंजात, शेपटीत हत्ती पकडलेल्या प्राण्याचे शिल्प आहे. गाईड म्हणतो, सिद्दींनी शत्रूंना असे धरले. पण असा शरभ दख्खनच्या इतर किल्ल्यांवरही दिसतो आणि ते किल्ले वेगवेगळ्या राज्यकर्त्यांचे आहेत. मुलांना विचारावे, मग याचा अर्थ काय असेल?

दुसरा, फारसी शिलालेख. उर्दू शिकणाऱ्या मुलांना त्यातली काही अक्षरे ओळखता येतात. शाळेत कंटाळून गिरवलेली अक्षरे दगडावर भेटली की त्यांना भारी मौज वाटते.

तिसरे, गोड्या पाण्याचे तलाव. चारी बाजूंनी खारे पाणी आणि आत साठवलेले गोडे पाणी. किल्ला टिकला तो तोफांइतकाच या पाण्यामुळे, हे मुलांना पटकन कळते.

चौथी, कलालबांगडी. तापत नाही असे गाईड म्हणतो ना? दुपारच्या उन्हात मुलांना जपून हात लावून पाहू द्या. जे ऐकले ते तपासून पाहायची सवय याहून सोप्या रीतीने लागणार नाही. मात्र गाईडची फजिती करू नका. तो त्याची रोजी कमावतो आहे, आणि त्याने सांगितलेल्या दंतकथाही या किनाऱ्याचा ठेवाच आहेत.

किल्ल्याबाहेर

वेळ असेल तर राजपुरीजवळच्या खोकरी गावातले दगडी मकबरे जरूर पाहावेत. सिरुलखान, याकूतखान आणि खैरियतखान तिथे विसावले आहेत. गर्दी नसते, फातिहा पढून शांत बसता येते. ज्यांच्या नावाने समुद्र थरथरत असे, त्यांच्या कबरीपाशी आता फक्त वारा असतो.

मुरूडमधला नवाबांचा राजवाडा खासगी मालमत्ता आहे, तो रस्त्यावरूनच पाहावा. 1948मध्ये हे संस्थान भारतात विलीन झाले. मुलींना एक गोष्ट मुद्दाम सांगावी. नवाब सिद्दी अहमदखान यांची बेगम नाझली रफिया सुलतान 1908 साली युरोपला गेली आणि त्या प्रवासाचे वर्णन तिने उर्दूत लिहिले. 'सैर-ए-यूरोप' हे त्याचे नाव. मुरूडला आलेल्या प्रत्येक मुलीने परतल्यावर आपल्या सहलीचे एक पान लिहावे, असे मी माझ्या विद्यार्थिनींना सांगते.

थोडे व्यवहाराचे

होडी आणि गाईडचे पैसे धक्क्यावरच विचारून ठरवावेत. पावसाळ्यात किल्ला बंद असतो. शुक्रवारी दुपारी जायचे असेल तर आधी चौकशी करावी. लाइफ जॅकेट मागून घ्यावे आणि मुलांना होडीत उभे राहू देऊ नये. उतरताना होडी हलते, म्हणून भगिनींनी बुरख्याचा घोळ सावरून, नावाड्याने सांगितल्यावरच पाऊल टाकावे. गुडघ्यांचा त्रास असलेल्या वडीलधाऱ्यांनी राजपुरीतच सावलीत थांबलेले बरे. पाणी आणि टोपी बरोबर घ्यावी, किल्ल्यात सावली कमी आहे.

मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांसाठी हा प्रवास नमाजमध्ये कसर करण्याइतका लांब आहे. शाफई मसलकाच्या मंडळींना जोहर आणि असर एकत्र पढता येते, त्यामुळे होडीच्या वेळेची ओढाताण होत नाही. हनफी मंडळींनी जोहर पढून निघावे आणि असरपर्यंत धक्क्यावर परतावे. होडीत बसताना नूह अलैहिस्सलाम यांची सूरह हूदमधली दुआ मुलांकडून म्हणवून घ्यावी. तेवढ्या लाटा पाहिल्यावर ती त्यांना लगेच पाठ होते.