तिसरा आणि चौथा चॅनल

भाच्याच्या ड्युअलसेन्स कंट्रोलरची ‘मोटर गेली’ असं शहरातल्या एका दुरुस्तीवाल्यानं सांगितलं होतं. प्लेस्टेशनवर उत्तम चालणारा तो कंट्रोलर कॉम्प्युटरला जोडला की नुसता भणभणायचा. अहमदपूरच्या एका दुरुस्तीवाल्या पोरानं तो हातात घेतला, उघडलाही नाही, आणि म्हणाला, “काका, ह्याच्यात थरथरायची मोटर नसतीच. जळंल कुठून?” या एका वाक्यापायी मी त्याच्या दुकानात पुन्हा पुन्हा जाऊन बसलो.

दुकान बापलेकाचं. मागच्या खोलीत वडील मोटारी भरतात. उन्हाळ्यात विहिरी तळाला गेल्या की पंप कोरडे चालतात, जळतात आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून इथं येतात. तांब्याच्या तारेचे वेढे, खाचांत सरकवलेला कागद, वरून व्हार्निश. त्या व्हार्निशचा उग्र वास लेकाच्या काउंटरपर्यंत पोचतो. काउंटरवर लॅपटॉप, प्रिंटर आणि अलीकडे गेमचे कंट्रोलर. मोटर कशाला म्हणावं आणि कशाला नाही, हे या घरात पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

जुन्या कंट्रोलरमध्ये खरोखरच मोटर असते. १९९७ साली निन्टेंडोचा रंबल पॅक आणि सोनीचा ड्युअलशॉक आला, तेव्हापासूनची रीत तीच: इवलीशी मोटर, तिच्या दांड्यावर एका बाजूला झुकलेलं वजन. फिरली की हात थरथरतो. तिला जोरात किंवा हळू फिर एवढंच सांगता येतं, आणि वेग घ्यायला, थांबायला क्षणभर लागतोच. कॉम्प्युटरवरचे बहुतेक गेम आजही हीच भाषा बोलतात: डाव्या मोटरीला एक आकडा, उजवीला एक, शून्य ते ६५,५३५. २०२० साली आलेल्या ड्युअलसेन्समध्ये मात्र दोन्ही मुठींत चुंबक आणि तारेचं वेटोळं आहे. स्पीकरचा पडदा जसा मागंपुढं हलतो, तसंच ते हलतं. त्याला आकडा नको, आवाज हवा.

म्हणून केबलनं जोडल्यावर विंडोजला हा कंट्रोलर चार चॅनलचं साउंड कार्ड म्हणूनही दिसतो. पहिले दोन चॅनल कानाचे. “आपलं काम तीन आन् चारचं,” तो म्हणतो. तिसरा डाव्या हाताचा, चौथा उजव्या. दिवसभरात हे ‘तीन आन् चार’ त्याच्या तोंडून इतक्यांदा येतं, की मागून वडीलही विचारतात, “तीन-चार लागलं का रे?”

काम केबलपासून सुरू होतं. सुटा विकत घेतलेल्या ड्युअलसेन्सच्या खोक्यात केबल नसते. लोक घरातली चार्जरची कुठलीही वायर लावतात. “ही वायर नुसती चार्जिंग करलाली काका, डाटा नेईना.” ब्लूटूथवर जोडला तर बटणं चालतात, पण विंडोजला त्यात स्पीकर दिसत नाही, तीन आणि चार गायबच. पुढची पायरी साउंडच्या सेटिंगमध्ये. तिथं स्टीरिओ असेल तर क्वाड्राफोनिक करायचं, नाहीतर मागचे दोन चॅनल वाटेतच गळतात. मग गेम चालवणाऱ्या स्टीम ॲपमध्ये त्या गेमपुरतं स्टीम इनपुट बंद. ते चालू असलं, की गेमला समोर एक्सबॉक्सचा कंट्रोलर दिसतो आणि तो पुन्हा दोन आकडे पाठवू लागतो. भाच्याची भणभण तिथूनच येत होती.

दोष शोधण्याची त्याची एक रीत मला फार आवडली. या कंट्रोलरचे ट्रिगर गेमप्रमाणे कडक होतात. ती आज्ञा आवाजातून नव्हे, बटणांच्याच वाटेनं जाते. तेव्हा आधी ट्रिगर दाबून बघायचा. कडक लागला, म्हणजे केबल शाबूत, गेमनं कंट्रोलर ओळखलाय. घोटाळा फक्त आवाजाच्या वाटेवर. अर्ध्या मिनिटात निम्म्या शंका बाद. अमुक बटण दाबा, तमुक पुन्हा इन्स्टॉल करा, असं अंदाजपंचे सांगणारे पुष्कळ भेटतात. असा क्रम लावून विचार करणारा क्वचित.

शेवटी तो स्वतः बनवलेली चार चॅनलची एक वेव्ह फाइल वाजवतो. खोलीत काही ऐकू येत नाही. आधी डाव्या तळव्यात टिचकी, मग उजव्या. नंतर खर्जातला एकच सूर, हळूहळू वाढत जाणारा. तो डोळे मिटून, बोटं सैल सोडून कंट्रोलर धरतो. घट्ट धरला तर बारीक कंप कळत नाही म्हणतो. मग ‘रिटर्नल’ लावतो. फिनलंडच्या हाऊसमार्कचा हा गेम २०२३ मध्ये कॉम्प्युटरवर आला. त्यात पाऊस आहे. माझ्या हातात त्यानं कंट्रोलर दिला आणि तळव्यांवर थेंब पडू लागले, सुटे सुटे, एक इथं, एक तिथं. मी पडद्याकडे बघायचंच विसरलो. वडिलांनीही हात पुसून धरून पाहिला. “कॉइल चांगली भरलीय,” एवढंच म्हणाले.

पैशाचा प्रश्न मात्र रोजचा. दोनशे रुपये सांगितले की गिऱ्हाईक विचारतं, “पार्ट कोणता टाकला?” काहीच बदललेलं नसतं. मागं वडिलांना तांब्याचं वजन करून दाखवता येतं, याला काय दाखवता येणार? मला हा सवाल अन्यायाचा वाटतो. न उघडता, न बिघडवता वस्तू बरी करणं हे पार्ट बदलण्याहून वरचं काम आहे, आणि त्याचा दाम मिळायलाच हवा. तो वाद घालत नाही. गिऱ्हाइकाची जुनी वायर लावून तीच फाइल वाजवतो, मग आपली केबल लावून वाजवतो, आणि दोन्ही वेळा कंट्रोलर त्याच्याच हातात देतो. बहुतेक जण त्यानंतर पैसे देतात. काही जण शंभरावर अडतात. भाच्यानं केबलसकट पुरे दिले.