निळ्या दिव्याचं वेस्ट विंडसर

फिश टँकमध्ये पाणवनस्पती वाढवणाऱ्यांत दिव्याच्या रंगावरून हमखास खडाजंगी होते. हरितद्रव्य लाल आणि निळाच प्रकाश शोषतं, म्हणून जांभळट दिवाच हवा, असं एका पक्षाचं ठाम मत. दुसरा पक्ष पांढऱ्या एलईडीवर खूश. पण पांढऱ्या एलईडीच्या पोटातही निळाच डायोड असतो; त्यावरच्या पिवळ्या लेपामुळे प्रकाश पांढरा दिसतो. या निळ्याचा पहिला मोठा पाठलाग झाला तो न्यू जर्सीत, आज अनेक मराठी कुटुंबं राहतात त्या वेस्ट विंडसरमध्ये. 'रूट वन' महामार्गालगतची आरसीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीची प्रयोगशाळा प्रिन्स्टनच्या नावाने ओळखली गेली, तरी ती याच हद्दीत होती.

१९६८ मध्ये तिथल्या जेम्स टिएट्जेन यांना भिंतीवर टांगता येईल असा चपटा टीव्ही हवा होता. लाल आणि हिरवे डायोड होते, निळा नव्हता. ते काम हर्बर्ट मारुस्का या तरुणाकडे आलं. त्याने गॅलियम नायट्राइड निवडलं. जास्त उष्णतेत ते विघटित होईल या धास्तीने तो तापमान कमी ठेवत होता, आणि नीलमणीच्या चकतीवर चढवलेले थर बिघडत होते. मार्च १९६९ मध्ये त्याने तापमान ८५० अंश सेल्सिअसच्या आसपास नेलं. चकती भट्टीतून बाहेर आली ती अगदी नितळ. वर काही जमलंच नाही असं वाटावं इतकी. क्ष-किरणांची तपासणी झाली तेव्हा कळलं, तो नितळपणा म्हणजेच एकसंध स्फटिक होता!

आरसीएतल्या जॅक पँकोव्ह यांच्या गटाने १९७१ मध्ये या पदार्थातून निळसर-हिरवा प्रकाश काढला. १९७२ मध्ये, स्टॅनफर्डला शिकत असताना, मारुस्काने मॅग्नेशियम मिसळून ४३० नॅनोमीटरचा जांभळा प्रकाश मिळवला. दिवे मंदच होते. १९७४ मध्ये आरसीएने काम गुंडाळलं. खरी अडचण मॅग्नेशियमला चिकटून बसणाऱ्या हायड्रोजनची होती. ती पुढे जपानमध्ये सुटली. निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना मिळालं, ते योग्यच. तरी मॅग्नेशियमची निवड मारुस्काची, हे प्रत्येक वेळी सांगितलं गेलं पाहिजे.

दरम्यान वनस्पतिशास्त्रज्ञ खोळंबले होते. १९९१ मध्ये विस्कॉन्सिनच्या रेमंड बुला यांच्या गटाने लाल एलईडीखाली लेट्यूस वाढवलं, पण जोडीचा निळा प्रकाश त्यांना फ्लुरोसंट नळ्यांतून घ्यावा लागला. निळा वगळून चालणार नव्हतं: नुसत्या लाल प्रकाशात अनेक रोपं लांबुडकी होतात, निळ्यात पेरं आखूड राहतात. नाकामुरांचा प्रखर निळा डायोड आला तो १९९३ मध्ये.

मग जांभळट दिव्याचं काय? त्याच्या समर्थकांचा आधार म्हणजे द्रावणात काढलेल्या हरितद्रव्याचा आलेख. अख्खं पान तसं वागत नाही. कीथ मॅक्री यांनी टेक्सासमध्ये २२ जातींच्या वनस्पतींची पानं तपासून १९७२ मध्ये दाखवलं, की हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणाला भरपूर उपयोगी पडतो. ती पानं जमिनीवरच्या वनस्पतींची होती हे खरं. तरी टाकीतल्या झाडांसाठीही चांगला पांढरा एलईडीच घ्यावा. त्यात निळा असतोच, हिरवा वाया जात नाही, आणि मासे आपल्या खऱ्या रंगात दिसतात.