मसाई लोकांचे दूध आणि औषधांना न जुमानणारे जंतू

पूर्व आफ्रिकेतील टांझानिया देशाच्या उत्तर भागात मसाई नावाचे गोपालक लोक राहतात. गाय हे त्यांचे धन आणि दूध हे त्यांचे अन्न. रात्री काटेरी कुंपणाच्या आत गुरे बसतात. लहान वासरे व करडे तर पुष्कळदा माणसांच्या घरातच निजतात. जेथे माणूस व जनावर इतके जवळ नांदतात, तेथे एकाचे जंतू दुसऱ्याकडे जावेत यात नवल ते काय?

जनावर आजारी पडले की मसाई गुराखी बहुधा स्वतःच सुई टोचतो. पशुवैद्य दूर असतो. ऑक्सिटेट्रासायक्लिनसारखे औषध मात्र बाजारात सहज मिळते. गाईचे वजन नजरेनेच ठरवावयाचे, तेव्हा मात्रा कमी पडण्याचा संभव फार. मग दुबळे जंतू मरतात आणि चिवट तेवढे उरून वाढतात. पेनिसिलिनचे जनक फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिकाच्या भाषणात अपुऱ्या मात्रेचा हाच धोका सांगितला होता. शिवाय औषधाला दाद न देण्याचा गुण एक जंतू दुसऱ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. गाईच्या पोटातील निरुपद्रवी जंतूकडून तो माणसाच्या पोटातील रोगजंतूकडे गेला, तर पुढे मूल तापाने फणफणले असता डॉक्टरांचे औषध वाया जाते.

अमेरिकेतील व टांझानियातील संशोधकांनी मसाई, अरुशा व चागा या तीन जमातींतील शेकडो घरांची पाहणी केली. ती २०१८ साली प्रसिद्ध झाली. चागा लोक किलिमांजारोच्या उतारावर केळी व कॉफी पिकवितात आणि थोडीच गुरे गोठ्यात बांधून पाळतात. या पाहणीत एक गोष्ट ध्यानात आली. कोणी औषध किती वापरले एवढ्यानेच सारा उलगडा होत नाही. जंतू कोणत्या वाटेने फिरतात, हेही पाहावे लागते. कच्चे दूध ही त्यांतील एक मोठी वाट. दूध उकळले की जंतू मरतात. परंतु मसाई घरांत कच्चे दूध पिण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्यांची, आणि सरपण तर बायकांनाच लांबून आणावे लागते. त्यांना अडाणी म्हणून मोकळे होणे मला तरी न्यायाचे वाटत नाही.

आपल्या घरी दूध तापविल्यावाचून कोणी घेत नाही, ही सवय मोलाची खरी. पण औषधाचा अंश उकळण्याने पुरता जात नाही. म्हणून सुई टोचलेल्या गाईचे दूध पशुवैद्य सांगतील तितके दिवस घरी घ्यावयाचे नसते, विकावयाचेही नसते. ज्याचा संसार एका दुभत्या जनावरावर चालतो, त्याला तेवढ्या दिवसांची ही तूट जड जाते, मग तो मसाई असो वा आपल्या गावचा.