कप्तान विठ्ठल, हिंदू जिमखाना आणि दासगावचं बंदर

ऑगस्ट 1923 मध्ये मुंबईच्या विधिमंडळात सीताराम केशव बोले यांचा ठराव मंजूर झाला. सरकारी पैशावर चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत, असा तो ठराव. डिसेंबर 1923 मध्ये मुंबईच्या चौरंगी क्रिकेट सामन्यांत हिंदू संघाने युरोपियनांना हरवलं आणि प्रेक्षकांनी मैदानात घुसून हिंदूंच्या कप्तानाला खांद्यावर घेतलं. हे कप्तान म्हणजे चर्मकार समाजातले पालवणकर विठ्ठल. जानेवारी 1924 मध्ये महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव केला. सहा महिन्यांतल्या या तीन गोष्टींपैकी मधली तेवढी लोकांनी डोळ्यांनी पाहिली. उरलेल्या दोन कागदावरच राहिल्या.

आम्हा महाडकडच्या माणसांना 1927 चा चवदार तळ्याचा सत्याग्रह तोंडपाठ असतो. 1923 चा हा कप्तान मात्र कोणी सांगत नाही. खरं तर दोन्ही हकिकती एकमेकींशेजारी ठेवून वाचायला हव्यात.

विठ्ठलना खांद्यावर घ्यायला लोकांना तीस वर्षं लागली, आणि ती वर्षं बरीचशी त्यांच्या थोरल्या भावाने, बाळूने, खर्ची घातलेली होती. पालवणकर हे आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. वडील लष्करी नोकरीतले, त्यामुळे मुलं पुण्यात वाढली. बाळू आधी पारशांच्या क्लबात खेळपट्टी झाडायचे, रोलर ओढायचे. 1892 च्या सुमारास ते युरोपियनांच्या पूना क्लबात लागले, महिना चार रुपयांवर. तिथे कॅप्टन जे. जी. ग्रेग नावाचा पट्टीचा फलंदाज होता. त्याला नेटमध्ये सरावासाठी डावखुरा गोलंदाज हवा असे. बाळू तासन्‌तास चेंडू टाकत. ग्रेगला बाद केलं की आठ आणे, अशी एक गोष्ट सांगतात. बाळूंच्या हातात बॅट मात्र तिथे कोणी दिली नाही. क्रिकेटमध्ये बॅट साहेबाची आणि घाम गोलंदाजाचा ही वाटणी इंग्लंडातही होतीच. इथे तिला जातीचा आयता आधार मिळाला.

पुण्याच्या हिंदू क्लबाला त्या युरोपियनांना हरवायचं होतं आणि हरवू शकणारा हात चर्मकाराचा होता. क्लबातल्या तेलुगू सभासदांनी त्यांना घ्या म्हणून आग्रह धरला, ब्राह्मण मंडळी कुरकुरत होती. शेवटी घेतलं. मैदानात सगळे त्याच चेंडूला हात लावत. चहाच्या सुट्टीत बाकीच्यांना पॅव्हेलियनमध्ये चिनी मातीच्या कपातून चहा मिळे, आणि बाळूंना बाहेर, फेकून द्यायच्या मातीच्या भांड्यात. जेवायला वेगळं ताट, वेगळं टेबल. तोंड धुवायचं झालं तर क्लबातला अस्पृश्य नोकर किटलीत पाणी घेऊन मैदानाच्या कोपऱ्यात यायचा. चेंडूचा विटाळ होत नव्हता, पाण्याचा होत होता. इथपासूनच ही हकिकत पाण्यापाशी येऊन अडते.

सामने जिंकत गेले तसा कोपरा हळूहळू जवळ आला. साताऱ्याच्या जिमखान्यावरच्या विजयानंतर न्यायमूर्ती रानड्यांनी बाळूंचा जाहीर सत्कार केला. पुढे मुंबईच्या हिंदू जिमखान्याने त्यांना घेतलं. तिथेही आधी कुरबुर झालीच. फेब्रुवारी 1906 मध्ये हिंदूंनी युरोपियनांना 109 धावांनी हरवलं, त्या संघात बाळू होते आणि धाकटे शिवरामही. 1911 मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदुस्थानचा संघ इंग्लंडला गेला. संघ सपाटून हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात 114 बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजाने त्यांचा सत्कार केला. तरुण भीमराव आंबेडकरांनाही या गोलंदाजाचा मोठा अभिमान होता.

एवढं झाल्यावर कप्तानपद मिळायला काय हरकत होती? हरकत होती ती निवड समितीची. प्रेक्षक आणि समिती यांच्यात इथे फरक करायला हवा, कारण आपण सरसकट ‘समाजाने नाकारलं’ म्हणून मोकळे होतो. गॅलरीत बसणाऱ्याला बळी हवे असतात. समितीत बसणाऱ्याला पॅव्हेलियनमधली बसायची जागा सांभाळायची असते. कप्तान म्हणजे समारंभात पुढे बसणारा, गव्हर्नरशी हस्तांदोलन करणारा, उच्चवर्णीयांना ‘तू तिकडे उभा राहा’ असं सांगणारा. 1910 नंतर वर्षानुवर्षं बाळूंचं नाव मागे पडत गेलं. 1913 च्या एका सत्कारात तेव्हाचे कप्तान एम. डी. पै यांनीच जाहीरपणे सांगितलं की हा मान खरा बाळूंचा. पै गौड सारस्वत. त्यांनी हे सांगितलं त्याला हिंमत लागली असणार. समिती मात्र ढिम्म.

फुटायचं ते 1920 मध्ये फुटलं. पै आजारी पडले, बाळूंना संघातूनच वगळलं आणि कप्तानपद दि. ब. देवधरांकडे गेलं. देवधर फलंदाज म्हणून थोर, त्याबद्दल वाद नाही. पण अनुभवाच्या हिशेबात विठ्ठल त्यांच्या पुढे होते. विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतलं आणि वर्तमानपत्रात निवेदन देऊन कारण सांगितलं: हा निकाल खेळाचा नसून जातीचा आहे आणि तो आमच्या स्वाभिमानाला लागला आहे. त्याच वर्षी त्यांचा धाकटा भाऊ गणपत, तोही हिंदू संघाचा फलंदाज, वारला होता. घरात दुःख असताना दोघा भावांनी हे केलं. काँग्रेस त्याच डिसेंबरात नागपूरला अस्पृश्यता घालवण्याची भाषा करत होती, त्यामुळे जिमखान्याला हे निवेदन गिळणं जड गेलं. अंतिम सामन्यासाठी पै परत आले, बाळू उपकप्तान झाले, भाऊ संघात परतले. सामन्यात पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदूंचा संघ बाळूंनी चालवला. उभ्या कारकिर्दीत त्यांच्या वाट्याला कप्तानी आली ती एवढीच.

पुढची दोन वर्षं पुन्हा विठ्ठलना डावललं. चषक एकदा युरोपियनांनी नेला, एकदा पारशांनी. 1923 मध्ये समितीला शहाणपण सुचलं त्यात या दोन पराभवांचा वाटा मोठा असावा, असं मला वाटतं. नुसत्या तत्त्वाने ती हलली असती तर 1913 मध्येच हलली असती. विठ्ठलच्या हाताखाली हिंदूंनी 1923, 1925 आणि 1926 असा तीनदा चषक जिंकला. 1924 चा मुसलमानांनी नेला. सी. के. नायडूंसारखे खेळाडू त्यांच्या संघात होते. पहिल्या विजयानंतर कोणा वाचकाने वर्तमानपत्राला पत्र लिहिलं. विजयापेक्षा मोठा आनंद त्याला याचा झाला होता की उच्चवर्णीयांनी विठ्ठलना खांद्यावरून मिरवलं. पत्राच्या शेवटी त्याने महात्मा गांधींचा जयजयकारही केला. गांधीजी तेव्हा येरवड्याच्या तुरुंगात होते.

याची वेस्ट इंडीजशी तुलना करून पाहा. तिथे जॉर्ज हेडली या कृष्णवर्णीय खेळाडूला 1948 मध्ये एका कसोटीपुरती कप्तानी मिळाली. पूर्ण मालिकेसाठी कृष्णवर्णीय कप्तान व्हायला 1960 उजाडावं लागलं आणि त्यासाठी सी. एल. आर. जेम्स यांना वर्तमानपत्रातून मोहीम चालवावी लागली. त्या कप्तानाला, फ्रँक वॉरेलला, निरोप द्यायला मेलबर्नच्या रस्त्यांवर लाखो लोक उतरले. मुंबई त्याच्या 37 वर्षं आधी तिथवर पोचली होती. हे आपण अभिमानाने सांगायला हरकत नाही, फक्त मुंबईपाशी थांबू नये.

कारण पुढे महाड आहे. 20 मार्च 1927 ला आंबेडकर आणि हजारो लोक चवदार तळ्यावर पाणी प्यायले. गावात मारहाण झाली, मग 108 घागरी पाणी उपसून, शेण-गोमूत्र टाकून तळं ‘शुद्ध’ करण्यात आलं. 4 ऑगस्टला नगरपालिकेने स्वतःचा 1924 चा ठराव मागे घेतला. मार्चमध्ये महाडात भरलेल्या परिषदेच्या उभारणीत पुढे होते ते रामचंद्र बाबाजी मोरे, दासगावात वाढलेले. डिसेंबरात पुन्हा सत्याग्रह करायचं ठरलं. त्यासाठी मुंबईहून यायची नेहमीची वाट धरमतरची, बोटीने उतरायचं आणि पुढे मोटार. मोटारवाले बहिष्कार घालणार असं कळलं तेव्हा आंबेडकर 24 तारखेला दोनशेवर प्रतिनिधींसह ‘पद्मावती’ बोटीत बसले आणि बाणकोटच्या खाडीतून सावित्रीने वर येत 25 ला दुपारी दासगाव बंदरात उतरले. धक्क्यावर तीन हजारांच्या आसपास सत्याग्रही जमले होते. तिथून महाड पाच मैल. महाडात मंडपाला जागा मिळेना, ती फत्तेखान यांनी दिली. बाजाराने पाठ फिरवली, म्हणून शिधाही बाहेरून आणलेला होता.

म्हणजे विठ्ठल हिंदूंचे विजयी कप्तान होऊन जेमतेम चार वर्षं झाली होती आणि त्याच मुंबईहून निघालेल्या माणसांना महाडात दाणाही विकत मिळत नव्हता. जिमखान्याच्या विजयाची बातमी महाडच्या सवर्ण घरांतही वाचली गेली असणार. विठ्ठलनी जिंकून दिलेला चषक दिवाणखान्यात ठेवता येत होता. तळ्याच्या काठी बसणारा माणूस रोज सकाळी दिसणार होता. मैदानाने अस्पृश्यता मोडली असं म्हणणारे आणि क्रिकेटने काहीच केलं नाही असं म्हणणारे, दोघांनाही ही पाच मैलांची वाट अडचणीची आहे.

खुद्द पालवणकरांच्या घरालाही ती सोपी गेली नाही. बाळू गांधींच्या बाजूला झुकले. 1937 च्या फेब्रुवारीत मुंबईत काँग्रेसने त्यांना आंबेडकरांच्या विरोधात उभं केलं. आंबेडकरांना 13,245 मतं पडली, बाळूंना 11,225. ज्या गोलंदाजाचा तरुणपणी अभिमान वाटला, त्याच्याशी लढून ही जागा आंबेडकरांनी जिंकली. पुढच्याच महिन्यात, 17 मार्च 1937 ला, चवदार तळ्यावरच्या हक्काबद्दल चाललेल्या खटल्याचा उच्च न्यायालयातला निकाल त्यांच्या बाजूने लागला. विठ्ठलनी 1948 मध्ये ‘माझे क्रीडा-जीवन’ हे आत्मचरित्र काढलं, तेही स्वतःच छापून.